एमएसनंतर: पुण्यात फेको की तराईत एसआयसीएस?

नेत्रशस्त्रक्रियेत एमएस झाल्यावर पुण्यातच फेलोशिप करून फेको (अल्ट्रासाऊंडने मोतीबिंदू फोडून काढणं) शिकावी, की वर्षभर नेपाळला जाऊन एसआयसीएस (लहान छेदातून मोतीबिंदू हाताने काढणं), असं यंदा दोन-तीन ज्युनिअर्सनी विचारलं. मी आधी पुण्यात होतो, मग तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातल्या, एका नेत्र रुग्णालयात गेलो.

पुण्याच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. मशीन उत्तम, रेटिनाचे (डोळ्यातल्या पडद्याचे) तज्ज्ञ शेजारच्या खोलीत, आणि पुढे कोथरूड-औंधला बसायचं तर फेको यायलाच हवी. मला खटकत राहिली ती एकच गोष्ट. पेशंट शिकवणाऱ्या सरांचे, पैसे भरून आलेले. पोर्ट (सुरुवातीचे बारीक छेद) मी करायचो, कधी रेक्सिसही (लेन्सच्या पिशवीला गोल छिद्र). न्यूक्लिअसची, म्हणजे मोतीबिंदूचा कडक गाभा काढायची, वेळ आली की सर म्हणायचे, "सरक." कृत्रिम लेन्स घालायला परत मी. सरांचं चुकत होतं असं नाही, पेशंट त्यांच्याच भरवशावर आलेला असायचा. पण दुसऱ्या दिवशी कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) सुजलेला दिसला, तर तो कुणाच्या हातून सुजला हे कळायचंच नाही.

तराईत काळे-तपकिरी, दगडासारखे मोतीबिंदू. पेशंट बरेचसे सीमेपलीकडून, बिहारमधून आलेले. सुरुवातीला तिथेही मी फक्त टनेल (न्यूक्लिअस बाहेर काढायचा बोगद्यासारखा छेद) करत होतो. मग पूर्ण केस मिळाली, सीनिअर शेजारी बसून. एका आजींचं टनेल मी अरुंद ठेवलं आणि न्यूक्लिअस ओढताना जोर लावला. सकाळी पट्टी काढली तर कॉर्नियावर सुजेच्या रेघा. सीनिअर म्हणाले, "केस तुझी. कुठे चुकलं ते सांग." आजींना आम्ही थांबवून घेतलं. कॉर्निया साफ होईपर्यंत रोज सकाळी त्यांचा डोळा मीच तपासला. पुण्यात असं शिकायला मिळालं नव्हतं.

एसआयसीएस म्हणजे गरिबांची सर्जरी, असं आपल्याकडे अजून ऐकू येतं. काठमांडूच्या तिलगंगा नेत्रसंस्थेचे डॉ. संदुक रुइत आणि सहकाऱ्यांनी नेपाळमध्येच 108 पेशंटवर दोन्ही पद्धतींची तुलना केली होती. 2007 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतरची दृष्टी दोन्हींत जवळपास सारखी निघाली. एसआयसीएसला वेळ आणि खर्च मात्र कमी. आज पुण्यात फेको करताना न्यूक्लिअस अडलं, तर मी निर्धास्तपणे त्याच टनेलवर येतो.

घरची अडचण असेल तर पुणे वाईट नाही. नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, तिची तयारी आधीपासून करा. दोन आठवड्यांच्या शिबिरापुरतं मात्र जाऊ नका. आपण केलेले डोळे आपल्यालाच बघायला मिळत नाहीत. होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारा: सीनिअर शेजारी बसणार का, आणि महिन्याने तपासणीला आलेला पेशंट मलाच दाखवणार का? एकाचंही उत्तर "नाही" आलं, तर पुण्यातच थांबा.