डरहॅम कॅथेड्रलचे संग्रहालय: संत कथबर्ट यांना भेटण्याची जागा

इंग्लंडच्या ईशान्येकडील डरहॅम कॅथेड्रल पाहायला प्रवेशशुल्क नाही, पण आतल्या संग्रहालयाचे तिकीट वेगळे काढावे लागते. हातात वेळ कमी असला तरी ते जरूर काढावे, कारण ज्या संताच्या समाधीसाठी ही वास्तू उभी राहिली, त्या सातव्या शतकातील मठवासी आणि बिशप कथबर्ट यांच्या वस्तू याच संग्रहालयात आहेत.

मठवासीयांच्या जुन्या शयनगृहाचे लाकडी छत आणि तिथले कोरीव दगडी क्रूस पाहण्यासारखे आहेतच. खरा ठेवा मात्र पुढे, मध्ययुगीन अष्टकोनी स्वयंपाकघरात मांडलेला आहे. तिथली ओकची शवपेटी 698 सालची, म्हणजे कथबर्ट यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी घडवलेली आहे. तिचे तुकडे जुळवून ठेवले आहेत. झाकणावर ख्रिस्त, एका टोकाला बाळाला घेतलेली मरिया, बाजूंवर प्रेषित आणि देवदूत अशा आकृती साध्या, खोल रेषांत कोरलेल्या असून त्यांची नावे काही रोमन तर काही रूनी (प्राचीन जर्मानिक लिपीतील) अक्षरांत आहेत. कथबर्ट यांना जिथे पुरले होते त्या लिंडिसफार्न बेटावर 793 मध्ये व्हायकिंगांनी हल्ला केला, 875 मध्ये मठवासीयांनी बेट सोडले आणि 995 मध्ये ते डरहॅमला स्थिरावले. या सगळ्या वणवणीत संतांचा देह याच पेटीत होता, हे माहीत असले की त्या काळवंडलेल्या फळ्यांपुढून पाय निघत नाही.

शेजारचा सोन्याचा क्रूस जेमतेम सहा सेंटिमीटरचा आहे. त्यात लालभडक गार्नेट खडे जडवलेले आहेत आणि मोडल्यावर तो दुरुस्त केल्याच्या खुणाही दिसतात. 1827 मध्ये कबर उघडली, तेव्हा तो वस्त्रांच्या आत सापडला. मला तो फार बोलका वाटला, कारण ज्यांच्या अंगावर तो होता त्यांना मानाची ओढ कधीच नव्हती. 676 च्या सुमारास एकांतासाठी इनर फार्न या खडकाळ बेटावर जाऊन राहिलेल्या कथबर्ट यांना बिशपपद स्वीकारायला लावण्यासाठी तिथल्या नॉर्थम्ब्रिया राज्याच्या राजा एकफ्रिथला स्वतः बेटावर जावे लागले, असे त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या बीड यांनी लिहिले आहे. 685 मध्ये त्यांचा अभिषेक झाला, पण दोन वर्षेही पूर्ण होण्याआधी ते पुन्हा त्याच बेटावर परतले आणि 20 मार्च 687 रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला.

हे चरित्र वाचून गेलात, तर तिकिटाचे पैसे दुपटीने वसूल होतील. शवपेटीत 1104 मध्ये सापडलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा छोटा ग्रंथ पाहायचा असेल, तर त्याची मालकी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे आहे, हे ध्यानात ठेवावे. मुख्य वेदीमागे कथबर्ट यांची समाधी आहे आणि पश्चिम टोकाच्या गॅलिली चॅपलमध्ये त्यांचे चरित्रकार बीड विसावले आहेत. या दोन्ही जागा आधी पाहून मगच संग्रहालयात शिरावे.