सोसायटीच्या गेटवर स्मार्ट व्हॉल्व्ह विकणारा आला तर आधी हे वाचा

काल ठाकुर्लीच्या मैत्रिणीनं फोटो पाठवला. त्यांच्या सोसायटीच्या गेटवर टेबल, टेबलावर तीच निळी बादली, तोच छोटा पंप आणि मला स्मार्ट व्हॉल्व्ह विकून फसवून गेलेला तोच माणूस. तिला लगेच फोन करून सांगितलं, ‘एक रुपयाही देऊ नकोस.’ मग वाटलं, सगळ्यांनाच सांगायला हवं.

आम्ही डोंबिवलीत, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. गच्चीवरच्या टाकीतून सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास पाणी सुटतं. मे महिन्यात पाणी गेलेलं असताना बाथरूमचा नळ उघडा राहिला आणि आम्ही लग्नाला निघून गेलो. संध्याकाळी पाणी सुटलं, जाळीवर कपडा अडकलेला होता, पाणी हॉलपर्यंत आलं. खालच्या काकूंचं पीओपी फुगून खाली आलं. खर्च आम्ही भरला, पण त्यांच्या घरातली ती ओली भिंत बघताना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यामुळे पुढच्याच महिन्यात हा माणूस गेटवर येऊन ‘जमिनीवर पाणी दिसलं की सेन्सर कळवतो, व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो’ म्हणाला, तेव्हा मी फार विचार केला नाही. बादलीत पंप सोडून त्यानं व्हॉल्व्ह उघडझाप करून दाखवला. मोटरवाला बॉल व्हॉल्व्ह, लाइट गेली तरी चालू राहील, असं तोंडी सांगितलं. १३,५०० रुपये यूपीआयनं घेतले. घरी येऊन ड्राय बाल्कनीतली लाइन बघितली, ‘हीच तुमची मेन लाइन’ म्हणाला, व्हॉल्व्ह बसवला आणि सेन्सर बाथरूममध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या नळाला करंगळीएवढी धार. फोन केला तर म्हणे, ‘एअर लॉक आहे, आठवड्यात जाईल.’ आठवड्यानं म्हणाला, प्रेशर पंप बसवा, चौदा हजारांत करून देतो. त्यातच एका सकाळी लाइट गेली आणि धारही थांबली.

शेवटी आमच्या नेहमीच्या प्लंबरना बोलावलं. त्यांनी मला अ‍ॅपवरून व्हॉल्व्ह दोनदा उघडायला लावला आणि नुसतं ऐकलं. ‘वहिनी, हा टक् करतोय. मोटरवाला असता तर घर्र करत चार-पाच सेकंद फिरला असता. हा सोलेनॉइड आहे, म्हणजे विजेच्या चुंबकानं उघडणारा.’ हात लावून बघितला तर वरची कॉइल चांगलीच तापलेली. असल्या व्हॉल्व्हमध्ये आत रबरी पडदा असतो आणि तो पूर्ण उचलायला पाण्याचाच दाब लागतो. वरचं स्टिकर सोलल्यावर खाली छापलेलं दिसलं : किमान ०.५ बार. साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब १ बार भरतो. आमची टाकी डोक्यावर जेमतेम ३ मीटर, म्हणजे ०.३ बार. बादलीतल्या पंपाला दाब होता, आमच्या नळाला नाही. आणि वीज असेपर्यंतच उघडा राहणारा प्रकार असल्यामुळे लाइट गेली की पाणी बंद.

मग त्यांनी विचारलं, ‘बाथरूमला पाणी कसं येतंय?’ मी म्हटलं, नेहमीसारखं, जोरात. ‘मग या व्हॉल्व्हनं बाथरूम बंद कसं होणार?’

मी गप्पच झाले. आमच्याकडे टाकीतून डक्टमधून तीन वेगळ्या लाइन उतरतात : स्वयंपाकघर, बाथरूम, संडास. बऱ्याच इमारतींत असंच असतं. व्हॉल्व्ह बसला होता तो फक्त स्वयंपाकघराच्या लाइनवर. एका व्हॉल्व्हनं अख्खं घर बंद होणं आमच्याकडे शक्यच नव्हतं. पाईपांचं काम करणाऱ्याला हे बघताक्षणी कळतं, त्या विकणाऱ्यालाही कळलं होतं. तरी त्यानं सेन्सर बाथरूममध्येच ठेवला, कारण माझी भीती तिथली होती. पैशांपेक्षा याचाच मला जास्त राग आहे. त्या भरवशावर आम्ही गावाला गेलो असतो तर काकूंचं घर पुन्हा भिजलं असतं.

परत फोन केला तेव्हा नंबर बंद. बिल म्हणून दिलेल्या कागदावर नुसतं ‘एस्टिमेट’, जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असावा लागतो, तोही नव्हता. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण विक्रेत्याचा पत्ता नसल्यामुळे ती पुढे सरकत नाहीये. पक्क्या बिलाचा तेवढा एक कागद मी आधी मागायला हवा होता.

प्लंबरनी तिन्ही लाइनवर दांडीवाले साधे पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवले. बाहेर पडताना तिन्ही दांड्या आडव्या करायच्या. ज्यांना मोटरवालाच हवा असेल त्यांनी आधी लाइन किती आहेत ते मोजा, आणि पैसे द्यायच्या आधी आपल्याच नळावर, आपल्याच टाकीच्या पाण्यावर लावून बघा. त्याच वेळी घराचा मेन स्विचही पाडून बघा.

डोंबिवली, कल्याण, ठाकुर्ली भागात या माणसाकडून कुणी घेतलं असेल आणि त्याचा पत्ता किंवा पक्कं बिल असेल, तर मला कळवा. जिल्हा ग्राहक आयोगात एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. आयोगाची परवानगी घेऊन अनेकांना मिळून एक तक्रार करता येते. खोकं, स्टिकर आणि त्या ‘टक्’ आवाजाचा व्हिडिओ मी जपून ठेवला आहे.