रिठा, ग्लुकोसाइड की ॲसिड स्लरी? घरातलं धुण्या-घासण्याचं द्रव्य निवडताना

दुकानात भांड्यांच्या लिक्विडच्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी असतात. एकीवर लिंबू आणि लखलखतं ताट, दुसरीवर हिरवं पान आणि ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द. दुसरी बरीच महाग. जादा पैसे द्यावेत का, असं कोणी विचारलं की मी आधी तीन गोष्टी विचारते. नळाला पाणी कसलं येतं? धुवायचं काय आहे? आणि मोरीतून गेलेलं पाणी शेवटी कुठे पोचतं? पानाच्या चित्रावरून कच्चा माल कुठून आला एवढंच कळतं. ते द्रव्य हाताशी आणि मातीशी कसं वागेल, हे त्यावरून कळत नाही.

साबणात किंवा लिक्विडमध्ये खरं काम करतो तो सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. तेलाच्या थेंबाला चहूबाजूंनी वेढून तो पाण्यासोबत वाहून न्यायचा, हे रिठाही करतो आणि पेट्रोलियमपासून बनलेलं द्रव्यही. फरक आहे तो जोरात, आणि नंतर काय उरतं त्यात.

कोण कुठून आलं

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारी म्हणजे ॲसिड स्लरी. दाट, तपकिरी, अंगावर पडली तर भाजणारी. कॉस्टिक सोडा घालून तिचं आम्ल मारलं की एलएएस (लिनिअर अल्किलबेंझीन सल्फोनेट) हा सर्फॅक्टंट तयार होतो, आणि आपल्या धुण्याच्या पावडरींचा नि वड्यांचा कणा तोच. बेंझीन आणि केरोसीनमधून काढलेलं पॅराफिन हा तिचा कच्चा माल. पण तिला सरसकट खलनायक ठरवणं बरोबर नाही. १९५० च्या दशकात वापरात असलेल्या तिच्या पूर्वजाच्या रेणूतली कार्बनची साखळी फांद्याफांद्यांची होती. जिवाणूंना ती तोडता येईना आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, तर अमेरिकेतले उत्पादक १९६५ मध्ये सरळ साखळीकडे वळले. ही सरळ साखळी हवा खेळत्या पाण्यात जिवाणू खाऊन टाकतात.

शाम्पू, हँडवॉश आणि भांड्यांच्या लिक्विडमध्ये जास्त करून एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट) असतं. त्याचा तेलकट भाग बहुधा पाम कर्नेल किंवा खोबरेल तेलातून येतो, पण त्याला जोडलेला इथिलीन ऑक्साइड सहसा पेट्रोलियमचा असतो. म्हणजे निम्मं झाडाचं, निम्मं खनिज तेलाचं. ही जोडणी होताना १,४-डायॉक्सेन नावाची अशुद्धी अंशमात्र तयार होते. काळजीने बनवलेल्या मालातून ती काढून टाकता येते. न्यूयॉर्क राज्याने २०२३ च्या अखेरीपासून घरगुती सफाईच्या वस्तूंत तिची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी खाली आणली.

एसएलईएसचा जवळचा भाऊ एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट). तो तर पूर्णपणे वनस्पतीच्या तेलापासून बनवता येतो आणि त्यावर पानाचं चित्र अगदी खरेपणाने छापता येतं. पण त्वचेवर मुद्दाम दाह निर्माण करून अभ्यास करायचा असतो तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ प्रयोगात हाच एसएलएस वापरतात. ‘झाडापासून आलं म्हणजे सौम्य’ हे समीकरण इथेच मोडतं.

खऱ्या अर्थाने वेगळे आहेत ते ग्लुकोसाइड. मका किंवा गव्हाच्या स्टार्चमधलं ग्लुकोज आणि नारळ-पामच्या तेलापासून केलेलं फॅटी अल्कोहोल जोडून ते बनतात. ग्लुकोजला अल्कोहोल जोडण्याची ही रीत एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्येच दाखवली होती. मोठ्या कारखान्यांतून माल मात्र १९९० च्या दशकात येऊ लागला. लेबलवर डेसिल, कोको किंवा लॉरिल ग्लुकोसाइड अशी नावं दिसली तर हेच ते, असं समजावं.

आणि रिठा. त्याच्या सालीतलं सॅपोनिन, म्हणजे झाडानेच बनवलेला सर्फॅक्टंट, कुठल्याही कारखान्याशिवाय पाण्यात उतरतं.

कढई, तवा, ताटं

फोडणीच्या तेलाने माखलेली कढई गार पाण्यात, तारेच्या घासणीने घासायची असेल तर एलएएस आणि एसएलईएस यांची जोडी अजूनही सर्वांत पुढे आहे. ग्लुकोसाइडचं चांगलं लिक्विड तिच्या बरंच जवळ जातं, फक्त ते पातळ केलेलं नसावं. रिठ्याचं पाणी इथे कमी पडतं. फेस भरपूर दिसतो, पण थिजलेलं तेल सुटत नाही. फेस आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रिठ्याइतकं स्पष्ट कुणी दाखवत नाही. चहाचे कप, काचेचे पेले, भाजी-फळं यांना तो पुरतो. आधी चुलीतल्या राखेने किंवा बेसनाने तेल टिपून घेतलं तर कढईही निघते, पण त्याला वेळ लागतो आणि तो कुणाचा तरी जातो.

लिंबाची सालं, गूळ आणि पाणी तीन महिने आंबवून केलेलं बायोएन्झाइम हल्ली अनेक घरांत असतं. ते आंबट असल्यामुळे नळावरचे क्षाराचे डाग छान काढतं. पण तो सर्फॅक्टंट नव्हे. तेलकट भांड्यांसाठी त्यात रिठा मिसळावाच लागतो.

पाणी बोअरचं आणि क्षाराचं असेल, जसं मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी असतं, तर साधा साबण सगळ्यांत आधी बाद होतो. पाण्यातलं कॅल्शियम त्याला धरून करडा चिकट थर करतं आणि तो बादलीच्या कडेला बसतो. एलएएसलाही क्षार त्रास देतात, म्हणून पावडरीत सोडा घालतात. एसएलईएस, ग्लुकोसाइड आणि रिठा या तिघांचं मात्र अशा पाण्यात फारसं अडत नाही. बोअरच्या पाण्याच्या घरात ग्लुकोसाइडला दिलेले जादा पैसे काही अंशी इथे वसूल होतात.

कपडे

रेशीम आणि लोकर यांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: रिठा. हे तंतू प्रथिनांचे असतात. पावडरीतला सोडा त्यांना कोरडं करतो, आणि एन्झाइमवाल्या पावडरीतलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम तर थेट त्यांनाच खातं. रिठ्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. पैठणी रिठ्यात धुवायची जुनी रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरते, फक्त रंग पक्का आहे ना, हे आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर बघावं. रोजच्या पांढऱ्या सुती कपड्यांना रिठा वापरू नये. पिवळट झाक चढते आणि कॉलरचा मळ तसाच राहतो. कष्टाच्या कामाच्या कपड्यांना एन्झाइमची पावडर, कमी मापाने, हाच शहाणा पर्याय आहे.

हात कुणाचे?

निवड घरमालक करतात, पण पाण्यात हात दिवसभर असतात ते भांडी घासणाऱ्या ताईंचे. चार-पाच घरं करणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा पडतात त्या नुसत्या पाण्याने नव्हेत. जोरकस सर्फॅक्टंट त्वचेतला स्वतःचा स्निग्धपणाही काढून नेतो. ग्लुकोसाइडच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा माझ्या लेखी हाच आहे, कारण त्वचेला ते एलएएसपेक्षा खूप सौम्य. तरी निर्धोक कुणीच नाही. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली ‘वर्षाचा ॲलर्जन’ म्हणून ग्लुकोसाइडचीच निवड केली होती. काहींना त्याची ॲलर्जी येते. खाज सुटली तर बाटली बदलावी, ‘हर्बल आहे, याने होणार नाही’ म्हणून रेटू नये. रिठा डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो, लहान मुलांच्या केसांना लावताना विशेष जपावं.

मोरीच्या पलीकडे

‘विघटनशील’ हा शब्द बाटलीवर पाहून भुलू नका. त्याची प्रचलित चाचणी हवा असलेल्या पाण्यात, २८ दिवसांची असते आणि एलएएसही ती उत्तीर्ण होतं. खरा फरक हवा नसते तिथे पडतो, म्हणजे सेप्टिक टँकच्या तळाशी. तिथे एलएएस फारसं मोडत नाही. ग्लुकोसाइड मोडतं. कोकणात घरामागे शोषखड्डा आणि थोड्या अंतरावर विहीर असेल, तर मी बिनदिक्कत महाग बाटली घ्यायला सांगेन. शहरात, जिथे सांडपाणी खरोखर शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथे हा फरक बराच कमी होतो. ‘खरोखर’ महत्त्वाचं, कारण आळंदीला इंद्रायणीवर दिसणारा पांढरा फेस हा प्रक्रिया न होता नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा आहे. तिथे नुसतं घरातलं लिक्विड बदलून भागणार नाही.

रिठ्याचं पाणीही थेट ओढ्यात ओतू नये. सॅपोनिन माशांना विषारी असतं. रिठ्यासारखी सॅपोनिनची झाडं पाण्यात ठेचून मासे गुंगवण्याची पद्धत जगभर होती, ती याच गुणामुळे.

आणि झाडाचं म्हणजे जमिनीला निरुपद्रवी असंही नाही. बारा-चौदा कार्बनची हवी ती साखळी नारळात आणि पाम कर्नेलमध्ये सारखीच मिळते, म्हणून बाटलीवर नारळ असला तरी आतलं तेल पामचं असू शकतं. जगातलं बहुतांश पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, आणि तिथे या लागवडीसाठी मोठ्या प्रमाणावर जंगल तुटलं आहे.

लिक्विड बनवणाऱ्या बचत गटांतल्या बायकांसाठी दोन गोष्टी. ग्लुकोसाइड स्लरीपेक्षा कितीतरी महाग पडतं, म्हणून सगळं बदलण्याऐवजी स्लरीचा काही भाग कमी करून तेवढं ग्लुकोसाइड घालून पाहा. हाताला फरक तिथेच जाणवू लागतो. मात्र ते मीठ घालून स्लरीसारखं दाट होत नाही, दाटपणासाठी झँथन गम लागेल. शिवाय ते येतं तेव्हा फार अल्कलीधर्मी असतं, पीएच साधारण १२ च्या आसपास. सायट्रिक ॲसिड थोडं-थोडं घालत पीएच पेपरवर ७ च्या जवळ आणल्याशिवाय बाटली भरू नका.