पीएच.डी.ची वर्षे मोजताना: अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतींची तुलना

ब्रिटनमध्ये पीएच.डी. तीन ते चार वर्षांत होते आणि अमेरिकेत पाच ते सात वर्षे लागतात, असे ऐकल्यावर निवड सोपी वाटते; परंतु हे दोन आकडे एकाच टप्प्यापासून मोजलेले नसतात. अमेरिकेत पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो आणि पहिली सुमारे दोन वर्षे कोर्सवर्क व पात्रता परीक्षांत जातात, तर ब्रिटनमध्ये बहुतेकांनी पदव्युत्तर शिक्षण आधीच घेतलेले असते आणि अनेक विषयांत संशोधनाचा आराखडा अर्जासोबतच द्यावा लागतो. ब्रिटनमधील एक वर्षाची पदव्युत्तर पदवी हिशेबात धरली, तर रसायनशास्त्रासारख्या विषयात दोन्हींमधले अंतर पुष्कळच कमी होते.

मानव्यविद्यांमध्ये मात्र ते कमी होत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला आधी एखादी जुनी भाषा किंवा लिपी शिकावी लागते, मग दप्तरखान्यात कागदपत्रे बांधून ठेवलेला एकेक रुमाल उलगडून कागद चाळावे लागतात, आणि अमेरिकेत याच काळात पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याची जबाबदारीही अंगावर असते. त्यामुळे तेथे सात-आठ वर्षे लागणे नवलाचे नाही. परीक्षा उत्तीर्ण, पण प्रबंध अपुरा, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे अडकलेल्यांसाठी तेथे ‘ऑल बट डिसर्टेशन’ असे नावच रूढ आहे. ब्रिटिश पद्धतीत वेळेचा काच अधिक असतो, कारण पाठ्यवृत्ती साधारणतः साडेतीन-चार वर्षांत संपते आणि पुढचे लेखन पदरमोड करून उरकावे लागते. माझ्या मते कोणत्याही नियमापेक्षा हीच गोष्ट प्रबंध लवकर पुरा करून घेते.

प्रबंध सादर केला म्हणजे पदवी मिळाली, असेही नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे एक अंतर्गत आणि एक बहिःस्थ परीक्षक बंद खोलीत दोन-तीन तास मौखिक परीक्षा घेतात, आणि ‘किरकोळ दुरुस्त्यांसह मान्य’ हा निकाल चांगलाच समजला जातो; या दुरुस्त्यांना बहुधा तीन महिन्यांपर्यंत मुदत मिळते. सादरीकरणापासून अंतिम मान्यतेपर्यंत सहा महिने सहज जाऊ शकतात. अमेरिकेत मार्गदर्शकासह प्रबंध तपासणाऱ्या समितीने मसुदे आधीच वाचलेले असतात, त्यामुळे शेवट तुलनेने निर्धोक असतो. मात्र समितीतले मतभेद त्याआधीच निस्तरावे लागतात.

नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करणाऱ्याने ब्रिटनमधील मुदत जवळपास दुप्पट धरावी. विषय पक्का असेल आणि पदव्युत्तर संशोधनाचा सराव असेल, तर ब्रिटिश पद्धत वेळ वाचवते. विद्याशाखा बदलायची असेल किंवा विषय अजून धूसर असेल, तर अमेरिकेतली ती दोन वर्षे वाया जात नाहीत. प्रवेश घेण्यापूर्वी विभागाला एक प्रश्न जरूर विचारावा: मागील पाच-सहा विद्यार्थ्यांना नोंदणीपासून पदवी हाती पडेपर्यंत प्रत्यक्षात किती महिने लागले, आणि किती जणांनी मध्येच सोडून दिले?