जेली रोल मॉर्टन बोलतो आणि वाजवतो: आठ सीडींचा संच

राउंडर या रेकॉर्ड कंपनीने २००५ साली काढलेल्या या संचात पहिल्या सात सीडी न्यू ऑर्लिन्सचा जॅझ पियानोवादक मॉर्टन याच्या. मे १९३८पासून वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लोकगीत-संग्राहक अॅलन लोमॅक्सने त्याला पियानोपुढे बसवून बोलतं केलं, ते सगळं ध्वनिमुद्रण यात आहे. आठवीवर न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वादकांच्या १९४९मधल्या मुलाखती.

नव्वदच्या दशकात याच कंपनीने नुसत्या गाण्या-वाजवण्याच्या चार सीडी काढल्या होत्या. स्वस्तात मिळाल्या तरी त्यावर भागवू नका. मॉर्टन बोलतानाही हात थांबवत नाही. खाली हलके सूर चालूच असतात, पायाचा ठेका ऐकू येतो. बोलणं कापलं की मुद्दाच जातो.

सुरुवात ‘मेपल लीफ रॅग’पासून करा. आधी तो रॅगटाइमचा संगीतकार स्कॉट जॉप्लिन याची ही रचना सेंट लुईसच्या सरळ चालीने वाजवतो, मग न्यू ऑर्लिन्सच्या ढंगाने. दोन्ही लागोपाठ ऐका, लक्ष डाव्या हातावर ठेवा. मग ‘ला पालोमा’: त्याच डाव्या हातातला हबानेराचा (क्युबाच्या नाचाचा) ठेका ब्लूजमध्ये कसा शिरतो, हे इतकं स्वच्छ कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ‘टायगर रॅग’ क्वाड्रिल या जुन्या नाचाच्या संगीतातून कसा घडला याचंही प्रात्यक्षिक आहे, वाघाची डरकाळी कोपराने काढून! वादन झकास, पण इतिहास म्हणून कच्चा. अभ्यासकांना तो पटत नाही.

बाता बऱ्याच आहेत. १९०२मध्ये आपणच जॅझ शोधला म्हणतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीनुसार जन्म १८९०चा, म्हणजे तेव्हा स्वारी जेमतेम बारा वर्षांची. सनावळी त्याच्या शब्दावर घेऊ नये. कोण कसं वाजवायचं हे मात्र तो बोटांनीच दाखवतो, आणि तिथे त्याच्याइतका पक्का साक्षीदार क्वचितच मिळेल.

मूळ तबकड्यांची एक बाजू चार-पाच मिनिटांत भरायची, म्हणून वाक्यं मध्येच तुटतात. सुमारे अर्ध्या तासाचं खुनाचं गाणं सात बाजूंवर पसरलंय. त्यातली भाषा इतकी उघडी की सुरुवातीच्या आवृत्त्यांत ते दडपलेलं होतं. घरात मोठ्याने लावू नका. खरखरही आहेच. ती स्पीकरवर शब्द गिळते, हेडफोनवर बोलणं बरंच सुटं होतं. तरी अडलंच तर आठव्या सीडीवरचा पीडीएफ उतारा उघडा.