पेट्या वीस आल्या, माश्या किती आल्या? परागीकरणाच्या भाड्यातली फसवणूक

शिरूर तालुक्यातल्या एका कांदा बीजोत्पादकाच्या पाच एकरांवर जानेवारीत परागीकरणासाठी मेलिफेरा जातीच्या पाळीव मधमाशीच्या २० पेट्या भाड्याने आल्या. रात्री टेम्पो आला, उजाडायच्या आत पेट्या बांधावर लागल्या आणि सगळं भाडं रोख घेऊन पुरवठादार निघून गेला. कांद्याच्या फुलांचे गोंडे फुलून गेले तरी बी भरेना, तेव्हा कुठे पेट्या उघडल्या. ११ पेट्यांत जेमतेम चार फ्रेमवर (पोळं बांधलेल्या लाकडी चौकटींवर) माश्या, पाच पेट्यांत राणीच नाही. उरलेल्या चारांत माशीसुद्धा नाही, नुसती काळी पडलेली जुनी पोळी आणि ती पोखरणाऱ्या मेणकिड्याच्या जाळ्या. फोन केल्यावर उत्तर तयारच होतं: "दादा, तुम्ही औषध मारलंय."

कलिंगड, काकडी, डाळिंब, पीक कोणतंही असो, भाड्याच्या पेटीत गंडवायची रीत हीच. पेट्या रात्री आणणं चूक नाही. उलट तेच बरोबर आहे, कारण अंधार पडल्यावर सगळ्या कामकरी माश्या पेटीत परतलेल्या असतात. पण फसवणारा त्याचाच आडोसा घेतो. अंधारात झाकण कोण उघडणार?

भाडं पेटीचं ठरतं, काम मात्र माश्या करतात. लँगस्ट्रॉथ पेटीची (मेलिफेरासाठी वापरतात त्या लाकडी पेटीची) एक फ्रेम दोन्ही बाजूंनी माश्यांनी पूर्ण झाकलेली असेल, तर तिच्यावर साधारण दोन हजार माश्या असतात. आठ फ्रेमची वसाहत म्हणजे सोळा हजारांच्या आसपास. मग चार-चार फ्रेमच्या दोन पेट्या घेतल्या तर तेवढंच काम होईल, असं वाटतं. होत नाही. अंडी-अळ्यांच्या भागात ३४-३५ अंश ऊब सतत राखावी लागते आणि हिवाळ्यात शिरूर-जुन्नरकडे पहाटे चांगलीच थंडी असते. लहान वसाहतीतल्या बहुतेक माश्या ऊब धरण्यात आणि अळ्यांना भरवण्यात गुंततात, फुलांवर जायला उरतात थोड्या आणि त्याही उशिरा निघतात. सशक्त पेटीतल्या बाहेर जाणाऱ्या माश्यांचं प्रमाणच जास्त असतं. हे मधपाळाला पक्कं ठाऊक असतं. तरी हंगामाच्या तोंडावर १०० चांगल्या पेट्या फोडून २०० केल्या जातात. फोडलेल्या अर्ध्या भागाला राणी नसते, आणि नवी राणी कोषातून निघून, मिलन होऊन अंडी घालायला लागेपर्यंत तुमचा फुलोरा सरलेला असतो.

राणी नसली तर बिघडतं काय? माशी पराग आणते ती मुख्यतः अळ्यांसाठी. अळ्याच नसतील तर परागाची ओढ मंदावते. कांद्याच्या फुलात आधी परागकोष फुटतात आणि स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतो, म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरून यावा लागतो आणि हे काम कीटकांचं. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरतात. माशीच्या फेऱ्या कमी पडल्या की एक-दोनच भरतात, बाकी पोचट. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असल्याने माशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुललेली असेल तर ती तिकडेच वळते. कमजोर पेटीला इथे काही जमत नाही. पेट्याही सुमारे १० टक्के गोंडे उमलल्यावरच आणाव्यात. आधी आणल्या तर माश्या दुसऱ्या फुलांची सवय लावून घेतात.

आता दिखाऊपणाचे दोन प्रकार. पहिला, वर रिकामा सुपर (मध साठवायचा वरचा मजला) चढवून पेटी उंच करणं. माश्या तेवढ्याच, थंडीत ऊब राखायची जागा मात्र वाढते. दुसरा जास्त बेरकी. रिकाम्या पेटीत मध किंवा पाक लागलेली जुनी पोळी ठेवतात. आजूबाजूच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात आणि दारात झुंबड दिसते. शेतकरी खूश! ही लूट ओळखता येते. येणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या नसतात. माश्या दाराबरोबर झाकणाच्या फटींतूनही घुसतात, पोळी पुसली गेली की वर्दळ एकदम थांबते. अंधार पडल्यावर पेटीला कान लावा. जिवंत वसाहतीचा गुणगुणाट ऐकू येतो, रिकाम्या पेटीत काहीच नाही. पेटीत साखरेचा पाक ठेवलेला दिसला म्हणून मात्र लगेच बोंब मारू नका. मकरंदाची चणचण भागली की माश्या परागाकडे जास्त वळतात, त्यामुळे चांगले मधपाळही पाक देतात.

तपासणी पेट्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी १० नंतर, ऊन तापल्यावर करायची. वीसातल्या पाच पेट्या तुम्ही निवडायच्या, पुरवठादाराने नाही. उघडायच्या त्याने, तुमच्यासमोर, स्मोकरचा हलका धूर देऊन. "माश्या चिडतील, पळून जातील" ही सबब चालवून घेऊ नका. हात बसलेल्या माणसाला एक पेटी बघायला काही मिनिटं लागतात. एकेक फ्रेम उचलायला लावा आणि माश्यांनी झाकलेल्या फ्रेम मोजा. मग मधली फ्रेम उन्हाकडे तिरपी धरून पोळ्याच्या घरांच्या तळाशी बघा. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरं, एकेका घरात एकच अंडं दिसलं, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती, कारण अंडं तीन दिवसांत उबून अळी होते. राणी स्वतः दिसलीच पाहिजे असं नाही. एकाच घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, आणि कामकरी माशीच्या घरांवर विखुरलेली फुगीर झाकणं दिसली तर ती पेटी नाकारा. तिथे राणी नाही, कामकरी माश्याच अंडी घालतायत आणि त्यांतून फक्त नर निघणार. निरोगी कामकरी कोषांची झाकणं जवळपास सपाट आणि सलग असतात. पाचांतली एक जरी रिकामी निघाली तरी वीसच्या वीस उघडायच्या.

हे डोळ्यांखालून घालायला पुण्यात सोय आहे. शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. गावातला एक जण तिथे शिकून आला तरी बरंच काम होतं. पुरवठादाराकडे मधुक्रांती पोर्टलचा (मधपाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा) नोंदणी क्रमांक मागा, पण त्याने माणूस कळतो, पेटीतल्या माश्या कळत नाहीत.

कागद साधाच करा: पेट्यांचे क्रमांक (रंगाने पेटीवरही घाला, म्हणजे रात्रीतून बदलाबदल होत नाही), किमान आठ फ्रेम माश्या, अंडी घालणारी राणी, तपासणीनंतरच उरलेलं भाडं, आणि कमजोर पेटी दोन दिवसांत बदलून देणं. त्याच माश्यांचं भाडं शेजारच्याकडूनही घेतलं जातंय का, हेही विचारा. माशी दोन-तीन किलोमीटर जाते, त्यामुळे सामायिक बांधावर एकच रांग लावून दोघांकडून पैसे उकळणं सोपं असतं.

औषधाच्या आरोपाची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. विषबाधा झाली तर साधारणपणे दारासमोर मेलेल्या माश्यांचा खच पडतो, पुष्कळांची सोंड बाहेर आलेली असते आणि आत अळ्या तशाच राहिलेल्या दिसतात. मेलेली माशी नाही, अळी नाही, मेणकिड्याच्या जाळ्या मात्र जुन्या, अशी पेटी औषधाने मेलेली नसते. ती आलीच रिकामी. तपासणीच्या दिवशी प्रत्येक पेटीच्या दाराचा आणि मधल्या फ्रेमचा तारखेसह फोटो काढून ठेवला, तर हा वाद तिथेच मिटतो. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, फिप्रोनिल यांना हात लावू नका. दुसरं काही फवारावंच लागलं तर सूर्य मावळल्यावर फवारा, आणि मधपाळाला आदल्या दिवशी फोनवर न सांगता मेसेज करून कळवा.