थ्रश परत होऊ नये म्हणून: प्रोबायोटिक, बुरशीचं औषध की रोजची निगा?

तोंडातला थ्रश, म्हणजे बुरशीचा संसर्ग, बरा होतो आणि महिन्याभरात जिभेवर तोच पांढरा थर पुन्हा दिसतो. अशा वेळी प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी मानले जाणारे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट, घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. पण आधी एक खुलासा. आपण ज्याला 'तोंड येणं' म्हणतो ते बहुतेकदा अल्सर असतात. त्यांचं कारण वेगळं, उपायही वेगळे. इथे बोलतोय ते कॅन्डिडा या बुरशीबद्दल.

ही बुरशी अनेक निरोगी तोंडांत मुकाट्याने राहते. लाळ, इतर जिवाणू आणि प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. अँटिबायोटिक, स्टेरॉइडचा इन्हेलर, कवळी, कोरडं तोंड किंवा हाताबाहेर गेलेली रक्तातली साखर यांमुळे ही पकड सैल होते आणि बुरशी फोफावते. त्यामुळे निवड करताना पहिला प्रश्न 'कोणतं उत्पादन' हा नसून 'माझ्या तोंडात पकड कशामुळे सुटली' हा आहे.

प्रोबायोटिकच्या बाजूने पुरावा आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यायला हवी. फिनलंडमध्ये २७६ वृद्धांना १६ आठवडे रोज ५० ग्रॅम चीज दिलं गेलं. निम्म्यांच्या चीजमध्ये प्रोबायोटिक जिवाणू होते, बाकीच्यांचं साधं होतं. २००७ मध्ये निकाल छापून आले. लाळेत भरपूर यीस्ट (कॅन्डिडा याच प्रकारची बुरशी) असलेल्यांचं प्रमाण प्रोबायोटिक गटात ३० टक्क्यांवरून २१ वर आलं, दुसऱ्या गटात २८ वरून ३४ वर गेलं. फरक खरा आहे. मात्र मोजली गेली ती लाळेतली बुरशी. बुरशी कमी सापडली म्हणजे थ्रश टळलाच, असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय हे जिवाणू तोंडात कायमचे मुक्कामाला येत नाहीत. घेणं थांबवलं की परिणामही ओसरतो.

घ्यायचंच ठरलं तर कॅप्सूलपेक्षा तोंडात विरघळणारी गोळी मला जास्त पटते. गिळलेली कॅप्सूल तोंडाला शिवतच नाही. गोळी मात्र बिनसाखरेची हवी, नाहीतर दात किडायची भीती.

नायस्टॅटिन, क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं आजार झाल्यावर प्रोबायोटिकपेक्षा कितीतरी भरवशाची आहेत. पण निव्वळ धास्तीपोटी ती महिनोन्महिने घेऊ नयेत. बुरशी औषधाला दाद देईनाशी होऊ शकते, आणि फ्लुकोनॅझोल रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. मायकोनॅझोल जेल तोंडात लावायचं असूनही तेच करतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या काही रुग्णांना डॉक्टर प्रतिबंधासाठी अशी औषधं देतात. तो निर्णय त्यांचाच असू द्यावा.

उरते रोजची निगा, आणि माझा कौल तिलाच आहे. इन्हेलर वापरत असाल तर प्रत्येक वेळी खळखळून चूळ भरून थुंका. पंपाचा इन्हेलर असेल तर स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावा, म्हणजे औषध घशात कमी साचतं. कवळी असेल तर ती रात्री काढून ठेवा, रोज घासा. कवळीच्या पृष्ठभागावर बुरशीचा चिवट थर बसतो. तो तसाच ठेवून प्रोबायोटिक किंवा औषध घेतलं तरी संसर्ग परत येतो. याला जवळपास काहीच खर्च नाही, तरी नेमकं हेच राहून जातं.

अँटिबायोटिक घेताना ज्यांना दर वेळी थ्रश होतो आणि एरवी प्रकृती चांगली आहे, त्यांनी प्रोबायोटिक करून पाहायला हरकत नाही. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी मात्र ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये. अशा रुग्णांच्या रक्तात प्रोबायोटिकमधलेच जिवाणू किंवा यीस्ट शिरल्याच्या नोंदी आहेत. आणि गिळताना दुखत असेल तर संसर्ग अन्ननलिकेपर्यंत गेलेला असू शकतो. तेव्हा यांतलं काहीही निवडत न बसता थेट डॉक्टर गाठा.